महिरपी कंसातला माणूस

आमच्या ऑफिसात महिरपरावांना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. मारली तर ते वळून बघतील याचीही खात्री नाही. हे नाव मी ठेवलं आणि अजूनही ते मला पसंत आहे. माणूस दिसायला साधा, बोलायला कमी, शर्ट कायम फिक्या रंगाचा, डब्यात कायम काहीतरी उकडलेलं. अशा माणसाला धरायचं तरी कुठे? धरण्यासारखी एकच गोष्ट होती. दिवसभर ते कॉम्प्युटरवर कंस उघडायचे आणि मिटायचे. चौकटी कंस, महिरपी कंस, परत चौकटी, परत महिरपी. म्हणून महिरपराव. पहिल्यांदा तोंडावर म्हटलं तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, फक्त चष्मा पुसला. मी ती संमती धरली.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे आणि काम फोन करण्याचं. शहरात जी माणसं एकटी राहतात त्यांना रोज सकाळी फोन लावायचा आणि विचारायचं, ठीक आहात ना? ठीक म्हणाले की स्क्रीनवर ‘ठीक’ दाबायचं आणि पुढचा नंबर घ्यायचा. नाही म्हणाले, किंवा दोनदा वाजवूनही उचलला नाही, तर ‘नाही’ दाबायचं. मग त्यांच्या नातेवाइकाचा नंबर वर येतो, त्याला कळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण बोलणं गुडघ्यापासून सुरू होतं ते दूरच्या गावच्या सुनेपर्यंत जातं, आणि मध्येच तोडलं तर दुसऱ्या दिवशी रुसवा. आम्ही चौघी एका लांब टेबलाशी ओळीने बसतो आणि प्रत्येकीचा आवाज दुसरीच्या फोनमध्ये शिरतो. काचेच्या पलीकडे महिरपरावांची खोली. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे.

माझ्या घरी माणसांची टंचाई नाही. नवरा, सासूबाई, दोन मुली, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये राहणारी नणंद, जी झोपायला तेवढी तिकडे जाते. दोन मिनिटं शांत बसायचं तर मला बाथरूमची कडी लावावी लागते. त्यामुळे सुरुवातीला मला महिरपरावांचा हेवाच वाटायचा. एकटा जीव, ना कोणाचं दुखणं, ना कोणाचं रुसणं. तो हेवा एका सोमवारी सकाळी गेला. जिन्यात भेटले, नमस्कार म्हणायला गेले आणि आवाजच फुटला नाही. घसा खाकरून परत म्हणाले. मी विचारलं, सर्दी झाली का? तर म्हणाले, ‘नाही हो ताई. शुक्रवारनंतर आत्ताच बोलतोय.’ तक्रार म्हणून नव्हे, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. दिवसभर ते काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी चौकशी केली. मी करतेच. लग्न झालं होतं, टिकलं नाही. भांडणतंटा काही नाही. बायको एक दिवस म्हणाली, या घरात मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो, आणि गेली. पुढे तिने दुसरा संसार मांडला, सुखात आहे, हे तेच सांगतात आणि मनापासून सांगतात. आईवडील गेलेले, भावंड नाही. चुलत भावांकडे आधी येणंजाणं होतं, मग नुसतं यांचं जाणं राहिलं, मग तेही थांबलं. एवढी माहिती काढायला मला अख्खा उन्हाळा लागला.

त्यांना बोलतं करायचा एकच रस्ता होता, तो मला उशिरा सापडला. एकदा स्क्रीनवरची यादी उलटसुलट यायला लागली म्हणून मी वैतागून आत गेले आणि म्हटलं, या कंसांचं तुम्ही नक्की करता तरी काय, मला एकदाचं सांगून टाका. माणूस एकदम उजळला. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी एक चौकटी कंस काढला. ही रांग, अ‍ॅरे. हिच्यात कोण कितवा एवढंच कळतं, आणि मोजायचं शून्यापासून. शून्यापासून का, असं मी विचारलं तर त्याचंही उत्तर होतं, ते मी ऐकलं नाही. मग त्यांनी रांगेत एक महिरपी कंस काढला. हा एक माणूस, म्हणजे ऑब्जेक्ट. इथे ‘कितवा’ला काही अर्थ नाही, इथे प्रत्येक जागेला नाव असतं. नाव, पत्ता, फोन, ऐकू येतं की मोठ्याने बोलावं लागतं. रांगेत माणसं ठेवायची आणि प्रत्येक माणसाच्या पोटात परत एक छोटी रांग, त्याच्या नातेवाइकांची. हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये बांधायचं. मग त्याचं जेसन करायचं, म्हणजे नुसता मजकूर. तो मजकूर तारेतून तुमच्या स्क्रीनपर्यंत येतो आणि तिथे त्याची परत माणसं होतात.

‘नातेवाइकांची रांग कशाला?’ मी विचारलं. ‘एक नाव पुरे की.’

ते म्हणाले, एक धरून बांधलं की दुसरा उगवतो आणि सगळी मोडतोड होते. एक असो नाहीतर पाच, रांगच हवी. पुढच्या महिन्यात ते सगळे फॉर्म असेच करून घेणार होते. मी म्हटलं, आणि कोणीच नसेल तर? त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, तर तिथे काहीच ठेवायचं नाही. मला ते बरोबर वाटलं. त्यांनाही वाटलं असणार.

पुढच्या महिन्यात फॉर्म बदलले आणि आमच्या याद्या आखूड झाल्या. काम लवकर आटपायला लागलं. आम्हाला वाटलं, महिरपरावांनी काहीतरी सुधारणा केली. मॅडम, म्हणजे आमच्या मॅनेजर, त्याही खूश. चौघींपैकी एकीनेही विचारलं नाही की बाई, माणसं कमी कशी झाली? आयता मिळालेला वेळ कोण परत करतं? मी तर विणकाम काढलं होतं.

माझ्या यादीत एक पेंटरकाका होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात कापायला लागला तेव्हा ब्रश ठेवला. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. फोन उचलला की ‘ठीक’ म्हणायच्या आधी माझी हजेरी घ्यायचे: रेडिओवरच्या बातम्या संपून गाणी लागली, आता आठवण आली का तुम्हाला? एके दिवशी घरी निघताना मी खाली चष्म्याच्या दुकानापाशी छत्री उघडत होते. वर पाटी. ती काकांनीच रंगवलेली, कोपऱ्यात त्यांची बारीक सही, हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा ऐकवलेलं. सही बघितली आणि ध्यानात आलं की मी कित्येक दिवसांत कोणाकडून बोलणी खाल्ली नव्हती. छत्री मिटली. तशीच उलटपावली वर गेले.

महिरपराव अजून खोलीत होते. मी पेंटरकाकांचं नाव घेतलं. त्यांनी शोधलं, मग खुर्ची पुढे ओढली, परत शोधलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी त्या दिवशी बघितलं. घडलं होतं ते असं. ज्यांना कोणीच नाही, त्यांच्या नातेवाइकांच्या जागी त्यांनी रिकामी रांग ठेवली नव्हती. तिथे ‘अनडिफाइन्ड’ होतं, म्हणजे अजून काही ठरलेलंच नाही. जेसन करताना असा रकाना मुकाट गळून जातो. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. आणि अर्धवट भरलेले फॉर्म आमच्याकडे येऊ नयेत म्हणून त्यांनीच एक चाळण बसवली होती: ज्यात नातेवाइकांचा रकाना नाही, तो फॉर्म बाजूला ठेव.

मला कंसांतलं फारसं कळत नाही, पण हे कळलं. ज्यांना जगात कोणी नाही, नेमके तेच आम्ही गाळले होते. मुलं, सुना, पुतणे असलेल्यांना रोज फोन जात होता आणि ज्यांच्यासाठी हे दुकान मांडलं ते बसले होते वाट बघत. मला संताप आला. पण तो काढणार कोणावर? समोरचा माणूस आधीच अर्धा झाला होता.

मॅडमना बोलावलं, ते सगळे फॉर्म बाहेर काढले आणि आम्ही तिथेच बसून एकेकाला फोन लावला. सगळ्यांनी उचलला. कोणी रागावलं, एक आजी रडल्या. पेंटरकाकांनी मात्र उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. कळवायचं कोणाला? मी आणि महिरपराव रिक्षा करून निघालो.

एका लांब गल्लीच्या टोकाला, छापखान्याच्या मागे, काकांची एक खोली. दार वाजवलं. आत काहीतरी सरकत असल्याचा आवाज येत राहिला, थांबला, परत आला. दार उघडलं तर काका एका खुर्चीचा आधार घेऊन उभे, तीच ढकलत आले होते. घोटा सुजून टम्म झालेला. बाथरूममध्ये पाय घसरला होता. फोन वाजलेला ऐकला, पण पोचेपर्यंत थांबला. खोलीत बिस्किटांच्या पुड्यांचे कागद नीट घडी करून ठेवलेले. किती दिवस हेच खाताय, असं मी विचारलं, तर म्हणाले, बिस्किटं चांगली आहेत, तुम्ही घ्या.

‘अहो, पण आम्हाला फोन नाही का करायचा?’ माझा आवाज चढला होता.

‘काय म्हणून करू?’ काका म्हणाले. ‘माझी आठवण का काढत नाही, असं विचारू? मला वाटलं, पुसलं नाव. जुनी पाटी पुसतातच की.’

महिरपराव दारातच उभे होते. मग पुढे आले आणि म्हणाले, ‘मी पुसलं. चुकून.’ काकांनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, मग बसा, उभे का?

काकांना दवाखान्यात नेलं, घोट्याचं दुखणं मार्गी लागलं. फॉर्मचंही लागलं. आता नातेवाइकांचा रकाना गळूच शकत नाही. कोणी असो नसो, चौकटी कंस उघडायचा आणि मिटायचा. आत काही नसलं तरी कंस दिसलाच पाहिजे. पण हे प्रकरण वरच्या ऑफिसात, म्हणजे आमच्या हेड ऑफिसात, कळल्यावर तिथून फर्मान आलं. ज्याच्या नातेवाइकांची जागा रिकामी आहे त्याची जबाबदारी घेता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत निदान एक नाव द्यावं, नाहीतर त्याला वृद्धांच्या संस्थेत पाठवण्याची शिफारस करावी. म्हणजे चूक आमची आणि घर सुटणार त्यांचं.

आम्ही चौघींनी जंग जंग पछाडलं. कोणाची भाची शोधून काढली, कोणाचा शेजारी तयार झाला, एका आजींच्या नावापुढे त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचं नाव लागलं, ती स्वतः ऐंशीची. पेंटरकाका तेवढे राहिले. छापखान्याच्या मालकाने जबाबदारी नको म्हणून हात वर केले. मी फोनवर संस्थेचं नाव काढलं तर काका म्हणाले, तिथे भिंतींना एकच रंग असतो, मी जाऊन बघून आलोय. पुढे काही बोलले नाहीत. घाबरले होते. मी त्यांना ओळखते, बोलणी बंद म्हणजे घाबरले.

महिरपरावांनी कोणाला न विचारता तिथे स्वतःचं नाव घातलं. मॅडमनी आत बोलावून विचारलं की तुम्ही त्यांचे कोण लागता. दार उघडं होतं, मी ऐकलं.

‘अजून कोणी नाही,’ ते म्हणाले. ‘लिहिलं की लागेन.’

आणि लागले. दर रविवारी जायला लागले. याचा वृत्तान्त मला सोमवारी सकाळी फोनवर मिळायचा. तुमचा तो माणूस काल आला होता, दुपारभर बसला, चार वाक्यं बोलला, त्यातलं एक ‘निघतो’. पुढच्या सोमवारी: काल सहा बोलला. मग एकदा काका फारच रंगात होते. त्यांनी महिरपरावांना विचारलं होतं की बाबा, तू दिवसभर करतोस काय? यांनी बिस्किटाच्या कागदावर महिरपी कंस काढून दाखवला. काकांनी कपाळाला हात लावला. याला महिरप म्हणतात? हिचं पोट कुठंय, नाक कुठंय? अशी महिरप दुकानावर काढली असती तर गिऱ्हाईक आलं नसतं. मग कापऱ्या हाताला दुसऱ्या हाताने धरून काकांनी एक कंस काढला. तो कागद महिरपरावांनी खोलीत कॉम्प्युटरच्या बाजूला चिकटवला. कापरा असला तरी कंस देखणा होता, खोटं का बोला.

सोमवारी जिन्यात आता नमस्कार एका दमात यायचा. मी लक्ष ठेवून होते.

मग एक सकाळ अशी आली की आमच्या चारही स्क्रीन कोऱ्या. एकीचीही यादी नाही. तिकडे शेकडो माणसं फोनशेजारी बसलेली आणि इकडे आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. मॅडम महिरपरावांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, आम्ही मॅडमच्या मागे. त्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच ओळ होती. मॅडमनी अर्थ विचारला. महिरपरावांचे कान लाल झाले होते. म्हणाले, रचना गोल फिरतेय, म्हणून जेसन होत नाहीये.

कोण गोल फिरतंय, हे त्यांना सांगावंच लागलं. आदल्या रविवारी पेंटरकाकांनी त्यांना खिंडीत गाठलं होतं. तू माझा माणूस, ठीक. मग तुझा कोण? यांनी विषय टाळला. काका सोडणारे नव्हते. मी फुकटात कोणाचा माणूस घेत नाही, म्हणाले, तुझंही नाव घाल त्या रांगेत, तुलाही फोन येऊ दे, आणि तुझ्या पुढे माझं नाव लाव, नाहीतर माझ्या पुढचं तुझं खोड. महिरपराव तिथून उठून सरळ ऑफिसात आले आणि सांगितलं तसं केलं. बाकी सगळ्यांच्या नातेवाइकांचं नुसतं नाव आणि नंबर असतो. यांनी मात्र काकांच्या रांगेत स्वतःचा अख्खा ऑब्जेक्ट ठेवला, आणि स्वतःच्या रांगेत काकांचा अख्खा. आता मजकूर लिहायला बसलेला प्रोग्राम काकांना लिहायला घेतो, त्यांच्या पोटात महिरपराव, महिरपरावांच्या पोटात काका, काकांच्या पोटात परत महिरपराव. याला शेवट नाही. म्हणून त्याने हात टेकले आणि कोणाचीच यादी दिली नाही.

कॉलेजातली पोरं पहिल्या वर्षी करतात ती ही चूक, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. मॅडम चिडल्या होत्या. मग बाकीच्यांसारखा नाव-नंबर लिहायला काय झालं होतं?

‘नंबर दोन ठिकाणी लिहिला की एकीकडे बदलतो आणि दुसरीकडे तसाच राहतो,’ महिरपराव म्हणाले. ‘म्हणून अख्खा माणूस ठेवला.’

कारण पटण्यासारखं होतं. पण मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा रांगेत ठेवायला कोणीतरी मिळालं आणि तिथे नुसता नंबर टाकायचं त्यांच्या जिवावर आलं. मग त्यांनी दोघांना एकेक क्रमांक दिला, एकाच्या रांगेत दुसऱ्याचा क्रमांक लिहिला, गोल सुटला. आमच्या याद्या आल्या आणि उशीर का झाला म्हणून आम्ही दुपारपर्यंत बोलणी खाल्ली. ऑफिसभर मात्र सगळ्यांना कळलं की महिरपरावांना या जगात एक माणूस आहे, आणि त्या माणसाला हे. चहाच्या वेळी कोणी चेष्टा केली नाही. मीसुद्धा नाही.

तर महिरपराव असे आमच्या यादीत आले, आणि ते माझ्या वाट्याला. काच मध्ये, अंतर चार पावलं, आणि मी त्यांना रोज फोन लावायचा. नियम तो नियम. मी नंबर लावला की पलीकडे वाजायचा, मला काचेतून ऐकूही यायचा. ते फोन उचलायचे, माझ्याकडे न बघता. माझा वेळ जाऊ नये म्हणून सगळं एका दमात सांगून टाकायचे: ठीक आहे, चहा झाला, झोप लागली. आधी आम्हा चौघींची हसून पुरेवाट व्हायची. मग सवय झाली. एकदा मी विचारलं, काय हो, चार पावलांवर असून फोनवर का बोलायचं? ते म्हणाले, सकाळी मला उद्देशून वाजणारा हा एकच फोन आहे, वाजू द्या. मी पुढे कधी चेष्टा केली नाही.

असे दिवस बरे चालले होते. मग एका सकाळी पेंटरकाकांनी फोन उचलला नाही. मी जरा थांबून परत लावला. वाजत राहिला. ‘नाही’ दाबलं. त्यांच्या नातेवाइकाचा नंबर वर आला, तो काचेपलीकडचा. मी मान वळवून बघितलं. महिरपराव चष्मा पुसत होते. यादीत त्यांचं नाव काकांच्या खाली, त्यामुळे त्यांना त्या दिवशीचा फोन अजून गेला नव्हता. मी उठून आत जायला हवं होतं. पण बोटांना सवय होती. बोटांनी नंबर लावला.

त्यांनी उचलला. ‘ठीक आहे, चहा झाला, झोप लागली.’

‘महिरपराव,’ मी म्हटलं, ‘हा तुमचा फोन नाही.’

त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. फोन कानाला धरूनच ते उठून उभे राहिले, घरात वडीलधारं कोणी आलं की उठतात तसे.

‘बोला,’ ते म्हणाले. ‘मी पेंटरकाकांचा माणूस बोलतोय.’

मी सांगितलं, दोनदा लावला, उचलत नाहीत. बरं म्हणाले, निघतो म्हणाले. मीही गेले बरोबर. काका झोपेतच गेले होते. अंगावरची चादर सरळ होती, डाव्या हाताची मूठ उजव्या हाताने धरलेली. छापखान्याचा मालक आला, दोन कामगार आले. डॉक्टरांनी कागदावर सही मागितली आणि ती महिरपरावांनी केली. पुढचं सगळं त्यांनीच केलं, न चुकता, न रडता. मी दोघांच्याही वाटचं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. गेलेल्या माणसाचा फॉर्म लगेच काढावा लागतो, नाहीतर आमच्यापैकी कोणीतरी त्याला फोन लावून बसते. त्यांनी काकांना रांगेतून काढलं. मग स्वतःच्या नातेवाइकांच्या रांगेतून काकांचा क्रमांकही काढला, कारण जो क्रमांक कोणाचाच नाही तिथे प्रोग्राम अडखळतो. ते हे सगळं करत असताना मी काचेतून बघत होते. मॅडमनी त्यांना वरच्या ऑफिसच्या नियमाची आठवण करून दिली नाही, एवढा चांगुलपणा त्यांनी दाखवला.

याद्या आल्या. मी कामाला लागले. एकेक नंबर घेत त्यांच्या नावाशी आले आणि फोन लावला. पलीकडे वाजला. त्यांनी बराच वेळ वाजू दिला, मग उचलला. आज एका दमात काही आलं नाही, म्हणून मला विचारावं लागलं.

‘ठीक आहात ना?’

काचेपलीकडे ते पाठमोरे बसले होते.

‘नाही,’ ते म्हणाले.

मी ‘नाही’ दाबलं. नातेवाइकांची जागा उघडली. कंस उघडलेला, कंस मिटलेला, आत कोणी नाही. पुढच्या नंबरावरच्या आजी वाट बघत असणार, त्या ओरडल्या असत्या. ओरडू देत म्हटलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि आत गेले. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी फोन त्यांच्या कानाला तसाच होता.